‘गोड बंद’ म्हणण्याआधी

आरोग्याचा प्रश्न निघाला की आपल्या संघटनांमध्ये रक्तक्षय, बाळंतपण, गर्भनिरोधकं, गरज नसताना काढल्या जाणाऱ्या गर्भाशयाच्या पिशव्या यांवर बोलणं होतं. ते व्हायलाच हवं. दुर्मीळ आजारांचा विषय मात्र आपण डॉक्टरांवर सोडून देतो. ‘असे कितीसे पेशंट असणार?’ असा विचार त्यामागे असतो. या लेखात मला अशाच एका दुर्मीळ आजाराबद्दल आणि त्या आजारात होणाऱ्या मधुमेहाबद्दल लिहायचं आहे. बाई लवकर जाते ती निसर्गानेच, की तिच्याकडे कुणी वेळेवर बघितलं नाही म्हणून, हा आपला जुना वाद आहे. त्या वादात आपल्या हाती येईल असा एक पुरावा या आजाराने दिलेला आहे. स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या प्रत्येकीला तो माहीत असावा असं मला वाटतं.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. मी समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलं तेव्हा हे नाव अभ्यासक्रमात कुठे भेटलं नव्हतं. ते भेटलं रुग्णालयात, मुलांच्या छातीच्या विकारांच्या बाह्यरुग्ण विभागात काम करू लागल्यावर. हा जन्मजात, आनुवंशिक आजार आहे. पेशींमधून मीठ आणि पाण्याची ये-जा सांभाळणारं एक प्रथिन या मुलांच्या शरीरात नीट काम करत नाही. त्यामुळे शरीरातले स्राव दाट आणि चिकट होतात. फुप्फुसांत कफ अडकून राहतो आणि पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. स्वादुपिंडाच्या नळ्या बुजतात, पाचकरस आतड्यापर्यंत पोचत नाहीत, आणि मूल कितीही जेवलं तरी त्याच्या अंगी काही लागत नाही. शी तेलकट, फार घाण वासाची होते. घामातून मीठ जातं. ‘पापा घेतला की खारट लागतं’ असं आया आपणहून सांगतात.

हा आजार वेगळा ओळखून त्याचं सविस्तर वर्णन १९३८ साली एका बाईने केलं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. डॉ. डोरोथी अँडरसन. तिला शल्यचिकित्सक व्हायचं होतं. पण केवळ बाई म्हणून तिला ते प्रशिक्षण नाकारण्यात आलं आणि ती विकृतिशास्त्राकडे वळली. न्यूयॉर्कच्या मुलांच्या रुग्णालयात मृत बालकांचं शवविच्छेदन करताना तिच्या लक्षात आलं की, पचनाच्या वेगळ्याच विकाराने गेली असं समजलेल्या काही मुलांचं स्वादुपिंड पार निकामी झालेलं होतं. ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या नावातच स्वादुपिंडातल्या गाठी आणि तंतुमय व्रण यांचा उल्लेख आहे.

हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याकडे तो नसतोच, अशी समजूत कित्येक वर्षं होती. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांमध्ये १९६८ सालापासून इथल्या रुग्णांची नोंद आहे. तरीही आज अनेक मुलं आधी टीबीचे, मग दम्याचे उपचार घेत घेत, कुपोषित म्हणून नोंदली जात जात, उशिरा या निदानापर्यंत पोचतात. ज्यांना घामाची चाचणी होणारं केंद्रच गाठता येत नाही, ती तेवढीही पोचत नाहीत.

आता मधुमेहाकडे येते. पूर्वी ही मुलं शाळेत जाण्याच्या वयाचीही होत नसत. उपचार सुधारले तशी ती वाढू लागली, आणि वाढत्या वयाबरोबर एक नवीनच दुखणं पुढे आलं. जे स्वादुपिंड पाचकरस बनवतं त्यातच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही असतात. वर्षानुवर्षं सूज आणि व्रण होऊन या पेशी नष्ट होत जातात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्राने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार हा मधुमेह लहान मुलांत सुमारे २ टक्के, किशोरवयात १९ टक्के आणि प्रौढांत ४० ते ५० टक्के रुग्णांना होतो. म्हणजे मोठं होणाऱ्या जवळजवळ दर दुसऱ्या रुग्णाला.

हा मधुमेह आपल्या घरातल्या आजी-आजोबांसारखा नाही, आणि लहानपणी अचानक होणाऱ्या मधुमेहासारखाही नाही. तो चोरपावलांनी येतो. सुरुवातीला उपाशीपोटीची साखर बहुतेक वेळा चांगलीच येते; वाढते ती जेवणानंतरची. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणीही या आजारात फसवी ठरते, ती ‘सगळं ठीक’ दाखवू शकते. खूप तहान, खूप लघवी ही नेहमीची लक्षणं दिसतीलच असं नाही. दिसतं ते एवढंच, की वजन वाढेनासं झालं आहे, खोकला लवकर बरा होत नाही, मुलगी दमते. निदान होण्याच्या दोन ते चार वर्षं आधीपासून वजन आणि फुप्फुसांची ताकद घसरायला लागलेली असू शकते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. इन्सुलिन हे फक्त साखर कमी करणारं औषध आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते शरीर बांधणारं संप्रेरक आहे. ते कमी पडलं की अन्न स्नायूंत, मांसात जमा होत नाही, उलट असलेलं झिजतं. या आजारात वजन आणि फुप्फुसं एकमेकांना धरून असतात. अंगात मांस नाही तर खोकून कफ बाहेर काढायला जोर कुठून येणार? म्हणूनच या मधुमेहात डोळे आणि मूत्रपिंडं यांच्याआधी जिवाला धोका असतो तो फुप्फुसांच्या बाजूने.

आता तो पुरावा. मिनेसोटाच्याच केंद्रातून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या पुरुषांचं मध्यम आयुर्मान मधुमेह नसताना ४९.५ वर्षं आणि मधुमेह असताना ४७.४ वर्षं निघालं. म्हणजे फरक दोन वर्षांचा. स्त्रियांमध्ये मधुमेह नसताना ते ४७ वर्षं होतं आणि मधुमेह असताना ३०.७ वर्षं. सोळा वर्षांचा फरक! आजार तोच, केंद्र तेच, डॉक्टर तेच. मधुमेहाने पुरुषाची दोन वर्षं नेली आणि बाईची सोळा.

असे आकडे समोर आले की ‘बायकांची शरीरंच तशी’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. स्त्रीच्या संप्रेरकांचा यात काही वाटा असेलही. तो अभ्यासाचा विषय आहे. पण त्याच केंद्रातल्या डॉक्टरांनी, ज्यांत डॉ. अँटोनेट मोरान ही बाई पुढे होती, आपलं काम आकड्यांवर थांबवलं नाही. सर्व रुग्णांची दरवर्षी ग्लुकोज पाजून तपासणी करायची, मधुमेह लवकरात लवकर शोधायचा आणि उपाशीपोटीची साखर बिघडण्याची वाट न पाहता इन्सुलिन सुरू करायचं, हा मार्ग त्यांनी नेटाने चालवला. २००९ साली त्यांनी १९९२ ते २००८ या काळातल्या ८७२ रुग्णांचा हिशेब मांडला. मधुमेह असलेल्या स्त्रियांमधलं मृत्यूचं प्रमाण, शंभर रुग्ण वर्षभर पाहिले तर ६.९ वरून ३.२ वर आलं होतं. पुरुषांमधलंही उतरलं होतं. आणि मुख्य म्हणजे स्त्री-पुरुषांमधली पूर्वीची तफावत उरली नव्हती. त्या काळात बाकीचे उपचारही सुधारत होते हे खरं. पण लवकर निदान आणि इन्सुलिनचे नेटाने उपचार यांना या बदलाचं मोठं श्रेय त्या संशोधकांनी दिलं.

मैत्रिणींनो, याचा अर्थ आपण शांतपणे लक्षात घ्यावा. बायकांची शरीरं त्या काळात बदलली नाहीत. त्यांच्याकडे बघण्याची पद्धत बदलली, आणि जी गोष्ट निसर्गाची म्हणून सोडून दिली गेली असती ती काही वर्षांत पुसली गेली. त्यासाठी कोणताही नवा चमत्कार लागला नाही. ग्लुकोजचं पाणी, दोन वेळा रक्त, आणि इन्सुलिन! इन्सुलिनचा शोध १९२१ चा. शोधकर्त्यांनी त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं होतं.

आता आपल्या घरांकडे वळते. माझ्याकडे आलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलीचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सहा महिन्यांत तिचं वजन तीन किलोने उतरलं होतं. घरात कुणाला काळजी वाटली नाही, कारण नातेवाईक बायका कौतुकच करत होत्या : ‘शिडशिडीत झालीस, शोभतेस.’ मुलगा असा सुकत गेला असता तर चार जणांनी विचारलं असतं. मुलीचं सुकणं हे सौंदर्य समजलं जातं. गावाकडे उपाशीपोटीची साखर तपासली, ती नॉर्मल आली. विषय संपला. पुढे आमच्याकडे ग्लुकोज पाजून तपासलं तेव्हा दोन तासांनंतरची साखर दोनशेच्या बरीच वर होती.

खरी गोष्ट यानंतर सुरू झाली. ‘डायबिटीस’ हा शब्द घरात शिरताच आजीच्या पथ्याचा छापील कागद बाहेर आला. भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, तूप-तेल कमी, गोड तर बंदच. पथ्य पाळणारी बाई म्हणजे गुणाची बाई, असं आपल्याकडे मानलं जातं. मुलीनेही ते निष्ठेने पाळलं. पुढच्या भेटीला तिचं वजन आणखी दीड किलोने घटलं होतं. जिला निरोगी मुलीपेक्षा दीडपट जेवायला हवं, जिच्या पोळीवर तूप असावं म्हणून आम्ही वर्षभर आईला सांगत होतो, तिला मधुमेहाच्या नावाखाली उपाशी ठेवलं जात होतं. घरच्यांनी हे वाईट हेतूने केलं नाही. त्यांना माहीत असलेला मधुमेह तेवढाच होता.

म्हणून ही गोष्ट ठासून सांगायला हवी : या मधुमेहात जेवण कमी करायचं नसतं. भरपूर उष्मांक, भरपूर स्निग्ध पदार्थ, घामातून जाणारं मीठ, जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, हे सगळं पूर्वीसारखंच चालू ठेवायचं, आणि जेवणातल्या पिष्टाच्या हिशेबाने डॉक्टरांनी सांगितलेलं इन्सुलिन घ्यायचं. टाळायची असतात ती बाटलीबंद गोड पेयं, ज्यांत साखरेशिवाय पोषण काहीच नसतं. इन्सुलिन जेवणाला जुळवायचं, जेवण साखरेच्या आकड्याला कापायचं नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१० साली एकत्रितपणे दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच सांगितलं आहे : वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, उपचार इन्सुलिनचा, आहारात कपात नाही.

आपल्याकडे इन्सुलिनच्या आड येतं ते लग्न. ‘मुलीला सुया लागतात हे कळलं तर कोण करेल?’ असं मला एकाहून अधिक वडिलांनी विचारलं आहे. ‘लग्नापर्यंत गोळ्यांवर भागवा’ ही विनंती तर नेहमीची. मुलगी पाहुण्यांसमोर इन्सुलिन घेऊ शकत नाही. कॉलेजात घ्यायचं तर बाथरूममध्ये लपून. लग्नाला गेली तर त्या दिवशी डोस नाही. शिवाय उपास आहेत. हरतालिकेचा निर्जळी उपास ज्या मुलीने धरावा अशी घरची अपेक्षा असते, तिला इन्सुलिन घेऊन उपाशी राहण्याने साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते, आणि पाणी-मीठ न घेण्याने या आजारात वेगळाच धोका असतो. चांगल्या नवऱ्यासाठी धरलेला उपास जिवावर बेतू शकतो हे आपण घराघरांत स्पष्ट सांगायला कचरतो. धार्मिक भावनेचा प्रश्न आहे म्हणून गप्प बसतो. मी मुलींना सांगते, देवाला तुझा आजार माहीत आहे, सासूला नसेल तर तिला आपण सांगू.

गर्भारपणाचाही विचार हवा. या आजाराच्या पुरुषांना बहुतांशी नैसर्गिकरीत्या मूल होऊ शकत नाही. स्त्रियांना मात्र दिवस राहू शकतात. मूल झालं नाही तर दोष बाईवर ढकलण्याची आपली रीत इथेही चालू असते, मग आजार तिच्या नवऱ्याला का असेना. आणि आजारी बाईला दिवस राहिले तर साखरेची तपासणी गर्भधारणेआधी, मग १२ ते १६ आठवड्यांत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत व्हायला हवी. नऊ महिन्यांत तिचं स्वतःचं वजन टिकलं पाहिजे, बाळाचं तर वाढलंच पाहिजे. मूल हवं की नको, केव्हा हवं, हा निर्णय तिने ही माहिती हाती घेऊन करायचा आहे. तो सासरचा निर्णय नाही.

आणि हे सगळं सांभाळतं कोण? सकाळी नेब्युलायझर, मग कफ सुटावा म्हणून छाती-पाठ थापटणं, प्रत्येक घासाआधी कॅप्सूल, आता त्यात बोट टोचून साखर बघणं आणि इन्सुलिन. हे दिवसातले कित्येक तास असतात आणि बहुतेक घरांत ते आईचे असतात. तिची नोकरी सुटते, मजुरीचे खाडे पडतात. एवढं करून ऐकून घ्यायचं तेही तिनेच : ‘तुझ्याच घराण्यातून आलं.’ हा आजार होण्यासाठी दोषयुक्त जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. दोघंही वाहक असतात, स्वतः निरोगी असतात, आणि प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न झालेलं असेल तर दोघं वाहक असण्याची शक्यता वाढते, आणि ती सोयरीक तर वडीलधाऱ्या पुरुषांनीच ठरवलेली असते. आईला दोष देणाऱ्या घरात हे एवढं विज्ञान फळ्यावर काढून दाखवणं, हे मी माझ्या कामातलं फार महत्त्वाचं काम मानते.

काही जण विचारतात, आयुष्यच मुळात कमी, तर रोज सुया टोचून मुलीला छळायचं कशाला? मिनेसोटाचे आकडे हेच सांगतात की ‘आयुष्य कमी’ हे गृहीत धरणंच आयुष्य कमी करतं. दुसरा आक्षेप पैशांचा. या आजाराच्या मुळावर काम करणारी नवी औषधं आली आहेत हे खरं. त्यांपैकी तीन घटकांचं एक औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं, आणि तिथली त्याची छापील किंमत वर्षाला ३ लाख डॉलरहून अधिक ठेवली गेली. त्या मक्तेदारीविरुद्ध लढायलाच हवं. भारतासह चार देशांतल्या रुग्णांच्या कुटुंबांनी २०२३ मध्ये तशी मोहीम उघडलीही आहे. पण ते औषध येईपर्यंत साखरेची तपासणी थांबायचं कारण काय? ती तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. कोट्यवधींच्या औषधाच्या चर्चेत शे-दोनशे रुपयांची तपासणी राहून जाते, आणि घरात पैसे मोजून काढले जात असतील तर ती आधी मुलीची राहून जाते. भाऊ-बहीण दोघंही आजारी असलेल्या घरात ‘तिचं पुढच्या खेपेला बघू’ हे वाक्य मी ऐकलं आहे.

मग आपण काय करायचं? एक, वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या, आशा आणि अंगणवाडी ताई यांच्यापर्यंत ही लक्षणं पोचवायची : भरपूर खाऊनही न वाढणारं, सतत खोकणारं, तेलकट शी होणारं, खारट घामाचं मूल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांतून फिरतात; त्यांच्याकडे अशा मुलांना पाठवता येतं. दोन, निदान झालेल्या प्रत्येक मुला-मुलीची दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज पाजून तपासणी होते का, हे संबंधित रुग्णालयात विचारायचं. फक्त उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी यांवर समाधान मानायचं नाही. तीन, मराठीत या मधुमेहाचा वेगळा आहारतक्ता मागायचा, ज्यात तूप, शेंगदाणे, भात, अंडी असतील. वयस्कांचा पथ्याचा कागद या मुलींच्या हातात पडता कामा नये. चार, २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचं के. ई. एम. रुग्णालय त्यांतलं एक आहे, ही माहिती कुटुंबांना द्यायची. पण त्या धोरणात या आजाराचं नाव महागड्या औषधांच्या अंगाने आलं आहे. रोजचं इन्सुलिन, साखर तपासायच्या पट्ट्या, एन्झाइमच्या कॅप्सूल यांचा खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न आपण धसास लावायचा.

आणि पाचवी गोष्ट कोणत्याही निधीशिवाय होणारी आहे. ओळखीतली एखादी आजारी मुलगी बारीक झालेली दिसली तर तिचं कौतुक करू नका. शेवटचं वजन कधी केलं होतं ते विचारा, आणि जेवणानंतरची साखर कधी तपासली होती तेही विचारा.